इथला घोडा, बाहेरचा घोडा

वसंता,

तू गेल्याची बातमी आली ती मी आधी खोटीच धरली. तुझ्या शाळेचा शिपाई सकाळी गिरगावात माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला आणि परबमास्तर पहाटे वारले म्हणून सांगू लागला. मी त्याला उलटतपासणी केल्यासारखे प्रश्न विचारले. कोणी सांगितलं, तू स्वतः पाहिलंस का, डॉक्टर कोण आला होता. त्या बिचाऱ्याला वाटलं असेल, हा माणूस आहे की पोलीस. परळला पोचेपर्यंत माझी खात्री होती की हा तुझा काहीतरी डाव आहे, आणि तुला काय काय सुनवायचं ते मी वाटेत ठरवत होतो. चाळीच्या जिन्यापाशी चपलांचा ढीग दिसला तेव्हा माझे पाय थांबले.

आता जो तो तुझ्याबद्दल चांगलं बोलतो आहे. मास्तर देवमाणूस, मास्तर लेकरांचे बाप. मला तसं काही सुचत नाही. माझ्या मनात तुझ्याबद्दल एकच प्रश्न अडकून पडला आहे, आणि तो इतका पोरकट आहे की वहिनींसमोर काढायचीही लाज वाटते. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर, पॅडॉकच्या कठड्याशी, इतकी वर्षं तू मला फसवत होतास की नव्हतास? हे कळल्याशिवाय मला तुझ्यासाठी धड रडताही येईना.

आपली ओळखच संशयातून झाली, आठवतं ना. मी सरकारी वजनमापं तपासणारा. लालबागेत एका वाण्याच्या दुकानात शेराचं वजन उलटं करून त्याच्या तळाचं शिसं नखानं खरवडून बघत होतो, आणि तू पिशवी घेऊन मागे ताटकळत उभा होतास. वाणी रडकुंडीला आलेला. तू शांतपणे म्हणालास, "साहेब, एवढी हौस असेल तर रेसला चला. तिथं माणसांना काट्यावर बसवतात." मला वाटलं टिंगल करतोस. पण खरंच, जॉकी शर्यतीआधी खोगिरासकट काट्यावर बसतो आणि शर्यतीनंतर पुन्हा बसतो, वजन कमी भरलं तर जिंकलेली शर्यतही जाते, हे तू सांगितलंस तेव्हा मी पुढच्याच शर्यतीला तुझ्याबरोबर स्वस्तातल्या स्टँडमध्ये हजर होतो. एका सरकारी माणसाला त्या जागेत पहिल्यांदाच कुणावर तरी भरवसा ठेवावासा वाटला, आणि तो काट्यावर.

पैसे लावायची आपली ऐपत नव्हती. आपण लावायचो ते डोकं. आणि ते कायम एकाच गोष्टीवर अडायचं, की कोणत्या देशाचे घोडे खरे चांगले. तू म्हणायचास, पुण्याच्या रानात वाढलेला आपला घोडा इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच्या घोड्याला कुठेच कमी नाही. मी म्हणायचो, कशावरून? तू वेळा सांगायचास. अमुक फर्लांग आपल्या घोड्यानं तमुक वेळात काढले, विलायतेत त्याच अंतराला जास्त लागतात. मी म्हणायचो, लागणारच. आपल्याकडे हिवाळ्यात जमीन तव्यासारखी टणक, घोडा उडत जातो. तिकडे पावसानं भिजलेलं गवत, खूर रुततो. अमेरिकेत तर म्हणे मातीवरच धावतात. कुठे उजवीकडे वळतात, कुठे डावीकडे. ज्याचं माप वेगळं त्याची बरोबरी मांडायचीच कशी? माझा जन्म गेला हे बघण्यात. एका दुकानातला शेर दुसऱ्या दुकानातल्या शेराशी जुळत नाही, आणि हा माणूस लंडनचा सेकंद मुंबईच्या सेकंदाशी जुळवतोय.

मग माझा हुकमाचा पत्ता. तिकडचे पहिल्या नंबरचे घोडे इकडे येतच नाहीत. तिकडे ज्यांना कोणी विचारत नाही ते बोटीत बसतात, आणि इथे उतरून आपल्या नामांकितांना हरवतात, पाठीवर जास्तीचं वजन घेऊन. आता बोल. तू बोलायचास. बोटीतून आलेल्या घोड्याला पाणी बदलतं, चारा बदलतो, हवा बदलते. तो हरला तर म्हणायचं प्रवासानं हरला, आणि जिंकला तर म्हणायचं देशानं जिंकला, हा कुठला न्याय? मी म्हटलं, आयर्लंडच्या मातीत चुना आहे, गवतातून तो हाडात उतरतो. तू म्हणालास, चुना आम्ही पानातून खातो, आमची हाडं बघ. त्यावर शेजारचा एक पारशी म्हातारा इतका हसला की त्याच्या हातातली दुर्बीण कठड्यावर आपटली.

वयाचा वाद तर तू तुझ्या शाळेतूनच आणलास. विलायतेत सगळ्या घोड्यांचा वाढदिवस एक जानेवारी धरतात, मग तो कधीही जन्मलेला असो, आणि ऑस्ट्रेलियात ऋतू उलटे म्हणून तो आपल्या भर पावसाळ्यात धरतात. म्हणजे एकाच वयाचे म्हणून उभे केलेले दोन घोडे खरे एका वयाचे नसतातच. मला ही सरळसरळ लबाडी वाटली. तू म्हणालास, माझ्या वर्गातली सगळी पोरं एक जूनला जन्मली आहेत. गिरणीतल्या बापाला पोराची जन्मतारीख ठाऊक नसते, मी एक जून घालतो. त्यातलं एक पोर वर्षानं मोठं असतं, एक वर्षानं लहान, आणि दोघांना एकच पाढा म्हणावा लागतो. तेव्हा घोड्यांचं काय घेऊन बसलास.

मग तो खेळ सुरू झाला. मी म्हटलं, तुला रेसच्या छापील कार्डावर घोड्याच्या देशाचं नाव दिसतं आणि मग तुला तो घोडा तसा दिसू लागतो. आपला म्हटला की तुझ्या डोळ्यांत पाणी. कार्ड न बघता सांग. शर्यतीआधी मोतद्दार घोड्यांना पॅडॉकमध्ये गोल फिरवतात, तिथे कठड्याशी उभं राहायचं, कार्ड माझ्या खिशात, आणि तू नुसतं घोड्याकडे बघून म्हणायचं, इथला की बाहेरचा.

आणि तू बरोबर निघायचास. एकदा, दोनदा, मग जवळजवळ दर वेळेला. मी संशयानं बेजार झालो. आधी वाटलं, तू सकाळीच कुठून तरी कार्ड वाचून येतोस. म्हणून मी तुला भल्या सकाळी माझ्या खोलीवर बोलावून गिरगावातूनच बरोबर घेऊन निघू लागलो. मग कळलं की ऑस्ट्रेलियाच्या घोड्यांच्या खांद्यावर डाग दिलेला असतो. म्हणून तुला अशा बाजूला उभं केलं की खांदा दिसू नये. मग लक्षात आलं, मोतद्दारांपैकी दोघांची पोरं तुझ्या वर्गात आहेत, ते खूण करत असतील. म्हणून जागाच बदलली. तुझ्यात काडीचा फरक पडला नाही. कठड्यावर कोपरं टेकून तू उभा राहायचास आणि घोडा समोरून गेला की तोंडातल्या तोंडात तुझी ती जुनी बडबड, "काय रे राजा, जेवलास का?" प्रत्येक घोड्याला. लोक बघायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सुटाबुटातली माणसं आजूबाजूला, आणि हा घोड्याला जेवणाचं विचारतोय. तुझी ही सवय माझ्याही वाट्याला होती म्हणा. रेसच्या दिवशी माझ्या चाळीच्या बोळात मागून तुझा आवाज यायचा, "जेवलास का रे, दत्तू?" मी वळायचो आणि बहुतेक वेळा उपाशी असूनही जेवलो म्हणून खोटं सांगायचो.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली त्या वर्षी आपलं भांडण जरा वाकडं गेलं. फाउंटनला गोळीबार झाला, गिरगावात दगड आणि अश्रुधूर, परळच्या चाळींतून रोज मोर्चे. मी सरकारी नोकर, खिडकीतून बघणारा. तू सत्याग्रहाला गेलास, आत जाऊन आलास, आवाज बसवून आलास. आणि आल्यावर पहिल्या शर्यतीला कठड्याशी तसाच उभा. मला तेव्हा राग आला होता, आता सांगायला हरकत नाही. मला वाटलं, मुंबई देत नाहीत म्हणून हा घोडे जिंकून घेतोय. मी ते बोलूनही दाखवलं. तुझ्या घोड्यांच्या प्रेमात घोडा किती आणि सभा किती, असं काहीतरी. तू दाणे खात होतास. पुडी माझ्यापुढे केलीस आणि म्हणालास, "दोन्ही असतील. तुला काय हवंय, वेगळं तोलून?"

आणि मग शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर, सभा संपून माणसं पांगत असताना, मी तुला पेचात पकडलं. मी म्हटलं, वसंता, तू म्हणतोस इथल्या आणि बाहेरच्या घोड्यात फरक नाही. पण तू घोडा नुसता बघून ओळखतोस. ओळखतोस याचाच अर्थ फरक दिसतो. फरक दिसतो म्हणजे फरक आहे. म्हणजे तूच दर रविवारी माझी बाजू सिद्ध करतोस. तुझ्यासारखा माणूस, जो चुन्यावरूनही हार मानत नाही, तो म्हणाला, "असेल बाबा तसं."

मी जिंकलो होतो. त्या दिवशी मला शांत झोप लागायला हवी होती. पण इतक्या सहज दिलेलं वजन मी कधीच खरं मानत नाही. वाण्यानं न कुरकुरता काटा पुढे केला की समजायचं, दुसरा काटा आत आहे. तेव्हापासून मी तुझ्याकडे जास्तच बारीक नजरेनं बघू लागलो. तू काहीतरी लपवत होतास. थेट विचारलं की हसायचास आणि म्हणायचास, मरताना सांगेन.

एकदा मात्र तू चुकलास. कपाळावर पांढरा टिळा असलेला तो कुम्मैत घोडा, तांबूस अंगाचा, काळ्या आयाळीचा, थोराड, शांत, जणू रेसला नाही तर बाजाराला निघालाय. तू छातीठोक सांगितलंस, इथला. मी कार्ड काढलं. जन्म इंग्लंड. मी ते कार्ड तुझ्या नाकासमोर नाचवलं. तू जराही शरमला नाहीस. "बरीच वर्षं झाली असतील त्याला इथं," एवढंच म्हणालास. मला ती पळवाट वाटली. त्यानंतर तो घोडा दिसला की मी मुद्दाम तुला तो दाखवायचो.

मरताना सांगेन म्हणालास आणि मरताना कुणालाच काही न सांगता गेलास. पहाटे पाणी मागितलंस म्हणे, वहिनी तांब्या घेऊन येईपर्यंत संपलं. मी त्यांना विचारलं, काही बोलला का. त्या म्हणाल्या, नाही. मग माझ्याकडे बघून त्यांनीच विचारलं, "भावजी, तुम्ही सकाळपासून काही खाल्लंत का?" घरातच ती सवय होती तर तुमच्या.

परवा तुझ्या शाळेत शोकसभा झाली. वर्गातली बाकं एकत्र ओढून, तुझा फोटो खुर्चीवर ठेवून. मी मागे दाराशी उभा होतो. भाषणं नेहमीची झाली. मग तुमच्या त्या वयस्क दमयंतीबाई उठल्या, मुख्याध्यापिका. म्हणाल्या, परबमास्तरांची एक रीत होती, ती मी कुणात पाहिली नाही. वर्षाच्या पहिल्या दिवशी नवी पोरं येतात, भेदरलेली, आईचा पदर सुटलेली. नव्या पोराला उभं करून नाव, आडनाव, गाव विचारायची पद्धत. परबमास्तर आडनाव विचारायचे नाहीत. आडनाव निघालं की मागून काय काय निघतं ते आपल्याला माहीत आहे, असं त्या म्हणाल्या, आणि पुढच्या रांगेतले काही बाप मान खाली घालून ऐकत राहिले. तर मास्तर काय करायचे? पोरं पाटीवर रेघोट्या ओढत असायची, हे त्यांच्या मागून हळूहळू फिरायचे आणि अगदी हलक्या आवाजात विचारायचे. एकदा मालवणीत, "जेवलंस मां?" एकदा घाटावरच्या बोलीत, "जेवलास न्हवं?" एकदा शहरी, "जेवलास का?" ज्याच्या घरचं जे असेल त्याला ते पोर वळायचं. पाटीवरून डोकं उचलायचं, कान टवकारायचं. मास्तर त्याला त्याच्या बोलीच्या पोराशेजारी बसवायचे. पहिल्या दिवशी त्यांच्या वर्गात कुणी रडत नसे.

सगळे डोळे पुसत होते. मी मात्र दाराची चौकट धरून मनात म्हटलं, अरे चोरा.

काय रे राजा, जेवलास का. प्रत्येक घोड्याला. आणि मी मूर्ख, खांद्याचे डाग झाकत बसलो, मोतद्दारांच्या हाताकडे बघत बसलो. तू घोड्याची चाल बघतच नव्हतास, छाती नाही, पाय नाही. तू कान बघत होतास. पुण्याच्या पागेत ज्यानं पहिलं दूध पिताना हे शब्द ऐकले, त्याचा कान वळणार. परवा बोटीतून उतरलेला सरळ पुढे चालत राहणार. घोड्यात तुला काहीच फरक दिसत नव्हता, वसंता. तू पहिल्यापासून म्हणत होतास तेच खरं, निदान तुझ्यापुरतं. फरक होता तो एवढाच, की वाढताना कुणाचा आवाज कानावर पडला.

म्हणजे कट्ट्यावर त्या संध्याकाळी तू मला एका वाक्यात झोपवू शकला असतास. मी कान बघतो, घोडा नाही, एवढं म्हटलं असतंस की माझा सगळा पेच जागच्या जागी संपला असता. पण तू ते गिळलंस आणि हार पत्करलीस. का? दोन दिवस मी हेच धरून बसलो आहे. माझ्यावर दया केलीस? मला ती नको आहे. की खेळ संपेल म्हणून? रेसच्या दिवशी येणाऱ्या तुझ्याशिवाय गिरगावातल्या त्या खोलीत मला भेटायला दुसरं कुणी येत नाही, हे तुला ठाऊक होतं म्हणून? हे शेवटचं कारण खरं असेल असा मला दाट संशय आहे, आणि आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या संशयानं मला बरं वाटतंय. उपकार केलेस रे. तोंडावर मी हे कधी म्हटलं नसतं.

तरी माझा स्वभाव तुला माहीत आहे. ऐकीव गोष्टीवर मी शिक्का मारत नाही. म्हणून काल, तुझ्या घरचं सुतक फिटायच्या आतच, मी महालक्ष्मीला गेलो. वहिनींना सांगितलं नाही. कार्ड घेतलं आणि न उघडता खिशात ठेवलं. कठड्याच्या आपल्या जागी उभा राहिलो. डावीकडे तुझ्या कोपराएवढी जागा आपोआप सुटली.

पहिला घोडा समोर आला तेव्हा माझ्या तोंडून शब्दच फुटेना. सरकारी माणूस, डोक्यावर टोपी, घोड्याला काय विचारणार. दुसऱ्याला पुटपुटलो. त्यानं कान हलवला, पण तिथे माशी होती, मी बघितली. तिसरा सरळ गेला. माझा आवाज तुझ्यासारखा नसेल, तू तो जरा खाली आणून, लाडात विचारायचास. मी तसा काढून बघितला. शेजारचा पारशी म्हातारा, तोच, दुर्बीण खाली करून माझ्याकडे बघू लागला. मग त्यानं तुझ्या मोकळ्या जागेकडे एकदा बघितलं आणि टोपी काढली.

मग तो आला. कपाळावर टिळा असलेला कुम्मैत, अजून धावतो आहे, आता आणखी थोराड झालाय. जन्म इंग्लंड, हे मला कार्ड न उघडता पाठ आहे. तो अगदी समोर आला तेव्हा मी तुझ्या आवाजात, जमेल तितक्या तुझ्या आवाजात, म्हटलं, "काय रे राजा, जेवलास का?"

त्याचा जवळचा कान वळला. आधी कान, मग मान, मग तो थबकलाच, मोतद्दाराला लगाम ओढावा लागला. माशी नव्हती. मी नीट बघितलं.

आणि त्याच वेळेला, वसंता, मीही वळलो. आवाज माझाच होता, मला ठाऊक होतं, पण तो प्रश्न इतकी वर्षं माझ्या मागून यायचा म्हणून मान आपोआप मागे गेली. मागे कुणी नव्हतं. या वेळी मी खोटं सांगितलं नाही.

"नाही रे," मी म्हणालो, "अजून नाही जेवलो."